दसऱ्याच्या दिवशी न उघडलेलं टेबल

मी इथे बरेच दिवस नुसती वाचते, लिहिलं कधी नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. घाबरवणारं काही माझ्याकडे नाही, उलट आमच्याकडे हे आठवून सगळे हसतात. पण जे झालं ते का झालं, हे मला अजून कळलेलं नाही... म्हणून धीर करून लिहिते आहे.

आम्ही सोलापूरजवळ कुंभारीला राहतो. आई विड्या वळते. पप्पांचा छोटा टेम्पो आहे, लोकांचं सामान हलवतात. मी बी.ए.ला आहे, इतिहास विषय. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच.

गेल्या उन्हाळ्यात पप्पांनी एका काकूंचं सामान जुन्या बंगल्यातून जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये हलवलं. त्यात एक सागवानी टेबल होतं. टेबल म्हणजे खरं तर कपाटच. मधली तिरकी फळी पुढे ओढली की ती आडवी होते आणि तिच्यावर लिहिता येतं. आत कागदांसाठी लहान लहान कप्पे, खाली ड्रॉवर. काकूंचा मुलगा म्हणाला, याला सेक्रेटरी डेस्क म्हणतात, जुनं आहे, लोक शोधत असतात. पण ते फ्लॅटच्या लिफ्टमध्ये काही मावेना. काकूंनी पप्पांना विचारलं, "मुलगी शिकते ना तुमची? मग घेऊन जा."

आमच्या खोलीत ते आलं तेव्हा पलंग बाहेर काढावा लागला. आई म्हणाली, "आता झोपायचं कुटं, ड्रॉवरमदी?" पण संध्याकाळी तिनेच ते गोडेतेलाने पुसून चकचकीत केलं.

त्याला कुलूप नव्हतं हे आधीच सांगते. कुलपाच्या जागी नुसतं भोक होतं. फळी बोटाने ओढली तरी उघडायची.

आता दसरा. दुसऱ्या दिवशी माझा सेमिनार होता. गिरणीच्या भोंग्यावर सोलापूरचं घड्याळ कसं चालायचं, हा विषय. ज्याचा सेमिनार चांगला होईल त्याला पुण्याच्या विद्यार्थी परिषदेत पाठवणार होते. मला फार जायचं होतं. पण आधीच्या सेमिनारला मी कागदातून मान वर न काढता वाचलं होतं, तेही घाईघाईने, आणि मागच्या बाकांवर हसू फुटलं होतं. या वेळी सगळं नीट लिहून काढलं होतं, फक्त पाठ करायचं राहिलं होतं.

दसऱ्याला आमच्याकडे ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा असते. त्या वर्षी आईने ठरवलं, पूजा टेबलातच मांडायची. फळी उघडून तिने आतल्या जागेत स्वतःची पान कापायची कात्री ठेवली, पप्पांचे नट आवळायचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी ठेवली, माझी पुस्तकं ठेवली.

"ते लिवलेले कागद पण ठिव की."

"आई, मला लागणार आहेत ते."

"सरस्वतीपुढं ठिवायचे न्हाईत तर काय रद्दीत घालायचे? दुपारी घे काढून गुपचूप. मी बघत न्हाय."

हळदकुंकू झालं, झेंडूची माळ झाली. मांजर आत शिरेल म्हणून आईने फळी लावून घेतली. पूजेतली वस्तू त्या दिवशी वापरायची नसते, हे मलाही माहीत होतं. पण आईनेच सूट दिली होती ना.

दुपारी जेवण झाल्यावर मी फळी ओढली... उघडेना.

आधी वाटलं, माळेचा दोरा अडकला असेल. माळ काढली. तरी नाही. पप्पांनी दोन्ही हातांनी ओढलं, पाय लावून ओढलं. टेबलच पुढे सरकलं, फळी नाही. खालचे ड्रॉवर मात्र लोण्यासारखे उघडत होते.

"स्क्रू ड्रायव्हर आण," पप्पा म्हणाले, आणि मग स्वतःच कपाळाला हात लावला. स्क्रू ड्रायव्हर आत होता.

मी गल्लीत मागायला गेले. पण दसरा सगळ्यांचाच. शेजारचे मिस्त्रीकाका दारात निवांत बसले होते, त्यांची हत्यारांची पेटी कुंकू लावून देवापुढे. म्हणाले, "पोरी, आज माझ्या पेटीला हात लावशील तर वर्षभर माझी पेटी मला हात लावू देणार न्हाय. उद्या सकाळी ये."

उद्या सकाळीच तर सेमिनार! मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात आईची मैत्रीण लक्ष्मीअक्का सोनं द्यायला आली. दोघी एकाच कारखान्याच्या विड्या करतात. अक्का घरात तेलुगू बोलते, आमच्याशी मराठी. तिने फळीला कान लावला, टिचकी मारली आणि हसायलाच लागली. "अय्यो! टेबलाला पण सुट्टी पायजे की गं! तुमी रोज राबवताय त्याला."

"अक्का, हसू नका. माझं सगळं आत आहे."

"सगळं कसं? लिवलं कुणी? तू ना? मग बोल की. आमी बसतो ऐकायला."

आपट्याची पानं मांडीवर ठेवून दोघी समोर बसल्या. पप्पा उंबऱ्यावर. मी टेबलाला पाठ टेकून बोलायला लागले. पहिलं वाक्य पुस्तकासारखं आलं, दुसरं आठवेना. मी गप्प झाले.

टक्.

आतून आवाज आला. बोटाच्या पेराने लाकडावर मारावं तसा.

"कात्री पडली असंल," आई म्हणाली. मी पुन्हा सुरू केलं. बोलत होते तोवर काही नाही. अडकून गप्प झाले, की पुन्हा टक्! चौघांनी ऐकलं. ऊन कडक होतं, लाकूड तापून वाजतं, हे मला ठाऊक आहे. पण मी थांबल्यावरच का वाजावं?

"बोल, पोरी, बोल, ते चिडतंय!" अक्काला हसू आवरेना. मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता मी शेवटपर्यंत बोलले. मग पुन्हा एकदा बोलले. तेव्हा टेबल वाजलंच नाही. आई म्हणाली, "भोंगा झाल्यावर धावणाऱ्या बायकांचं सांगितलंस ते लई ब्येस. तितं घाई करू नको."

सकाळी आईने अक्षता टाकून पूजा हलवली आणि एका बोटाने फळी ओढली. उघडली. कात्री, पाने, कागद सगळं ठेवलं होतं तिथेच. काहीही पडलेलं नव्हतं.

वर्गात उभी राहिले तर सर म्हणाले, "कागद काढ."

कागद पिशवीत होते. पण हात काही तिकडे गेला नाही. "नको सर, तोंडीच सांगते," म्हटलं. भोंगा वाजतो तिथपर्यंत पोचले आणि मागच्या बाकांकडे पाहिलं... कोणी हसत नव्हतं. ऐकत होते.

पुण्याला मीच गेले. पप्पा स्टेशनपर्यंत टेम्पोने सोडायला आले होते, हॉर्न वाजवत.

नंतर मिस्त्रीकाकांनी फळी उतरवून बिजागऱ्या, कडा सगळं पाहिलं. अडकण्यासारखं काही सापडलं नाही. म्हणून मी जुळे सोलापूरच्या काकूंना फोन केला. विचारलं, तुमच्याकडे हे टेबल कधी अडकायचं का?

काकू म्हणाल्या, "नाही गं, इतकी वर्षं कधीच नाही. पण आम्ही त्याची पूजाही कधी केली नव्हती."

तुमच्यापैकी कोणाला लाकडातलं काही कळत असेल तर जरूर सांगा. फक्त आईला सांगू नका. तिने या दसऱ्यासाठी टेबलाला वेगळा नारळ आणायचं आत्ताच ठरवलं आहे.