शालनचं कापड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला गेले की विषय बदलते. आज तुमच्यापुढे बदलायचा नाही, एवढं ठरवलंय.

पुण्यात मुलींच्या शाळेत मी शिवण आणि भरतकाम शिकवायचे. वर्षभरात शिकलेला प्रत्येक टाका मुलींनी एकाच कापडावर घालायचा — धावदोरा, साखळी, गहू टाका. कापडाला नावाची चिठ्ठी टाचायची. शालन धायरीची, धायरी तेव्हा गाव होतं. सातवीतल्या या मुलीने उरलेल्या कोपऱ्यात, कुणी न सांगता, जोंधळ्याचं कणीस भरलं. दाणा न् दाणा गाठीच्या टाक्याचा. परीक्षा झाली आणि गावातच तिचं लग्न लागलं. कापड शाळेतच राहिलं. मी ते घरी आणलं, चिठ्ठी काढून टाकली.

एवढंच असतं तर काय होतं?

माझी आई मी अगदी लहान असताना गेली. तिचा फोटो नाही, तिच्या हातची एकही वस्तू नाही. माझ्या लेकीने एकदा ते कापड पाहून विचारलं, "कोणी केलंय?" मी म्हणाले, "माझ्या आईने." का म्हणाले? तोंडातून निघून गेलं — आणि इतकं बरं वाटलं की मागे घ्यावंसंच वाटेना. ते भिंतीवर लावलं. काच बसवू दिली नाही, बोट फिरवता यावं म्हणून. त्या दाण्यांवरून बोट फिरलं की मला आई आठवायची. जी मला कधी आठवतच नव्हती, ती.

माझ्या निवृत्तीच्या सुमारास शालन शाळेत आली. केस पिकलेले.

"बाई, माझं कापड हाय का वो? सुनेला दाखवायचं हुतं. म्या शाळा शिकले म्हनलं तर हसती ती."

"कपाटाला वाळवी लागली होती गं," मी म्हणाले. "सगळं गेलं."

"असू द्या," म्हणाली. आणि वर माझ्याच गुडघ्यांची चौकशी करून गेली.

त्यानंतर कापडाकडे बघवेना. शेवटी एक दिवस ते उतरवलं, घडी करून पिशवीत घातलं आणि धायरीला गेले. त्यांच्या शेतात आता इमारत उभी आहे. तिथेच दुसऱ्या मजल्यावर ती राहते. तिने चहा केला. मग आतून एक कोरं पांढरं कापड घेऊन आली — कोरं कसलं, अर्धं भरलेलं. जुनं गेलं म्हणून आठवेल तसं पुन्हा करायला घेतलं होतं.

"समदे टाके जमले, बाई. गाठीचा तेवढा सुटतोय. दाखवता का?"

पिशवी माझ्या मांडीवर होती. मी सुई घेतली, तिला दोऱ्याचे वेढे दिले, दोरा हळूच खाली ओढला. कणसाचा पहिला दाणा मी भरला. दुसरा तिने. सून मागे उभी राहून बघत होती.

"किती नीट शिकवता वो," शालन म्हणाली.

मी पिशवी उघडली नाही. चहा संपवला, बस धरली, आणि घरी येऊन कापड पुन्हा भिंतीवर लावलं. लेक अजून आल्यागेल्याला ते दाखवते — माझ्या आजीच्या हातचं, म्हणते. मी तिथेच बसलेली असते.