डोक्यावरची रेघ

द्रौपदी आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये एकटीच राहते. मी वनमाला, तिच्या समोरच्या दाराची. उभा जन्म बालवाडीत शिकवलं हिनं, आणि आता घरात बोलायला चिटपाखरू नाही. मुलगा विशाल नोकरीला चीनला गेला, बायकोही तिथलीच केली. नात दिशा सात वर्षांची. मराठीतलं फक्त 'आजी' येतं, तेवढं म्हणायचं की स्क्रीनवरून पसार.

"मला ने रे एकदा तिकडे," ही म्हणायची. "तुला तिथली हवा सोसायची नाही, आई," तो म्हणायचा. दरवेळी तेच. माझा असता तर कानच उपटला असता.

परवा कुणाबरोबर तरी दिशाचं चित्र आलं. घर, झाड आणि खाली चिनी अक्षरांची ओळ. "काय लिहिलंय रे?" विचारलं, तर विशाल म्हणाला, "काही नाही गं, असंच." असंच कसं? पोरीनं पहिल्यांदाच आजीला काहीतरी लिहून धाडलेलं! द्रौपदीच्या जिवाला चैन पडेना.

फोटो काढून फोनला वाचायला दिला, पण खडूचं गिचमिड त्याला उमगेना. मग मीच शोधून काढलं की स्क्रीनवर बोटानं अक्षर काढलं की फोन ते ओळखतो आणि मराठीत अर्थ सांगतो. द्रौपदी गिरवत बसली. एक अक्षर काही केल्या जमेना. ते सोडून बाकीची ओळ झाली, तर अर्थ आला, 'आजी आमच्या घरी येते.'

अगं बाई, काय तो चेहरा फुलला तिचा! "बघ, मला बोलावतेय गं!" स्वेटर किती न्यायचे, तेही विचारून झालं.

"पण पोरीचं एकही अक्षर टाकायचं नाही," म्हणून ती पुन्हा बसली. बालवाडीची बाई ती, आधी अक्षर काढायची आणि मग डोक्यावर रेघ द्यायची, आपण सगळेच देतो तशी. चिनी लोक ती वरची रेघ आधी ओढतात म्हणे, आणि फोन तो क्रमही बघतो. "रेघ आधी दे गं," मी म्हटलं. "सगळं उलटंच बाई यांचं," म्हणत तिनं दिली.

फोननं झटक्यात ओळखलं. 'आजी आमच्या घरी येत नाही.'

मी विशालला चार शिव्या हासडल्या. द्रौपदी चित्र मांडीवर घेऊन म्हणाली, "त्यानं तिला सांगितलंच नाही गं. पोरीला वाटतंय, मीच येत नाही."