तारांची चाके

माझ्या थोरल्या बंधूंनी जहाजावरची नोकरी सोडून परतताना एक इटालियन स्पोर्ट्‌स कार सोबत आणली होती. दोन माणसांची, ठेंगणी, गर्द लाल. त्यांच्या पश्चात ती पनवेलच्या आमच्या घरामागील शेडमध्ये अनेक वर्षे ताडपत्रीखाली पडून राहिली. निवृत्तीनंतर मी ठरवले की ती कारखान्यातून निघाली तशीच, एका स्क्रूचाही फरक न करता, पुन्हा उभी करायची. बंधूंसाठी एवढेच करण्याजोगे उरले होते.

वाद निघाला तो चाकांवरून. गाडीला साधी पोलादी चाके होती, राखाडी रंगाची, कडेने गोल भोके असलेली. बंधूंच्या पेटीत मात्र त्या मॉडेलची कंपनीने छापलेली पुस्तिका सापडली, आणि तिच्या मुखपृष्ठावरील गाडीला बारीक तारांची चकचकीत चाके होती. चाळीस वर्षे वकिली केलेल्या माणसाला आणखी काय हवे? कोणीतरी मूळ चाके लंपास करून ही भिकार चाके बसवली, असा निष्कर्ष मी काढला आणि संतापलो.

उरण नाक्यामागे गॅरेज असलेले मिस्त्री माझ्या बंधूंच्या हयातीत हीच गाडी सांभाळत. ते म्हणाले, "वकीलसाहेब, मोठ्या साहेबांनी गाडी आणली तवा हीच चाकं होती. मी सोताच्या हातानं काढलीत."

"पुरावा?"

"मी हाय ना."

"तुमचा शब्द तोंडी पुरावा, मिस्त्री. माझ्याकडे छापील आहे."

"मग हबला इचारा, चाक ज्याच्यावर बसतं त्याला. चार बोल्ट हायत, कंपनीचे. तारांचं चाक मधल्या एका नटावर बसतं. म्हंजे चोरानं हबपण बदलले? लय मेहनती चोर हाय तुमचा!"

गॅरेजमधली माणसे हसली. दुसऱ्याच दिवशी मी मिस्त्रींना नोंदणीकृत टपालाने चार पानी नोटीस धाडली. मी परदेशातून आधीच मागवून ठेवलेली तारांची चाके व त्यांचे हब पंधरा दिवसांत बसवावेत, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल, वगैरे. त्यांचे गॅरेज माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

त्यांनी मुदतीच्या आत काम पुरे केले आणि किल्ली फाटकाला अडकवून निघून गेले. जुनी चाके आणि हब मी स्वतः कळंबोलीच्या लोखंड बाजारात नेऊन भंगारात घातले. पुन्हा कोणी ती बसवण्याचा आगाऊपणा करू नये म्हणून.

मग प्रमाणपत्रासाठी मी इटलीतील जुन्या गाड्यांच्या एका संस्थेला चासी क्रमांकासह पत्र लिहिले. उत्तर दीड पानाचे आणि अत्यंत सौजन्यपूर्ण होते. या क्रमांकाची गाडी पोलादी चाकांवरच कारखान्याबाहेर पडली. तारांची चाके वेगळी मागितल्यासच मिळत, पुस्तिकेत ती शोभेसाठी छापली होती. मूळ चाके कृपया जपावीत, आता ती दुर्मिळ आहेत. गहाळ झाली असल्यास, ती पूर्वी गाडीला पाहिलेल्या व्यक्तीचे शपथपत्र पाठवावे, तशी नोंद करता येईल.

कळंबोलीतील व्यापारी म्हणाला, तो माल केव्हाच भट्टीत गेला. मी त्याच्यावर ओरडलो. कशासाठी, हे त्याला कळले नाही. मला कळत होते.

बंधूंच्या काळात ती चाके हाताळलेली जिवंत व्यक्ती एकच होती. शपथपत्राचा मसुदा घेऊन मी गॅरेजवर गेलो. मिस्त्रींनी हात पुसून कागद घेतला आणि ओठ हलवत सावकाश वाचला.

"बाकी खरं हाय. पण हितं लिवलंय, सदर चाके आता उपलब्ध नाहीत. ती काय पलून गेली?"

"मग काय लिहू?"

"कुणी भंगारात घातली ते लिवा. नायतर तिकडची माणसं म्हनतील, मिस्त्रीनं इकली."

वकिलीत मी आपल्याच पक्षकाराविरुद्ध जाणारे वाक्य कधी कागदावर येऊ दिले नव्हते. समोरच्या टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून मी लिहिले, की चाके मूळचीच असल्याचे स्पष्ट सांगितलेले असतानाही मालकाने ती स्वतः भंगारात घातली. मिस्त्रींनी ते मला मोठ्याने वाचायला लावले, मग सही केली. चहा मागवला नाही.

बंधूंनी चालवली ती गाडी मी मोडली आहे. जी उभी आहे तिच्या तारांच्या चाकांचे फोटो काढायला लोक फाटकाशी थांबतात, वाखाणतात. मी प्रत्येकाला बाहेर जाऊन सांगतो की ती चाके या गाडीची नव्हेत. बहुतेकांना ते ऐकायचे नसते.