काकूंचा जबाब

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या हॅमिल्टनच्या पोलीस ठाण्यात मी चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, दोन खुनांचे तपासही केले. त्यातलं बरंचसं विसरलो. हिरव्या झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा मात्र काही केल्या विसरता येत नाही.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. पुण्या-मुंबईची मुलं आयटीत आणि इंजिनिअरिंगमध्ये भराभर इकडे येत होती आणि त्यांच्या मागोमाग आईवडील सहा-सहा महिन्यांच्या मुक्कामाला. ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे इस्पितळाला दुभाष्या लागला की फोन माझ्या टेबलावर यायचा. मलाही ते आवडायचं. गणवेशात वॉर्डात शिरलं की आपली माणसं कौतुकानं बघायची, आणि कौतुक कुणाला नको असतं?

त्या सकाळी ज्या बाईंसाठी बोलावणं आलं, त्या ओळखीच्याच निघाल्या. साताऱ्याच्या काकू, सत्तरीच्या पुढच्या. मुलगा कामासाठी वेलिंग्टनला गेलेला, सून लहान बाळात अडकलेली. काकूंना उलट्या होत होत्या, रक्तदाब उतरला होता, मान उचलवत नव्हती. डॉक्टरांनी मला विचारायला सांगितलं की त्या कुठली औषधं घेतात का, विशेषतः स्टेरॉइड.

मी विचारलं, "काकू, औषधं कुठली घेता?"

"औषध कसलं घेतेय? उभ्या जन्मात गोळी घेतली नाही मी."

मी डॉक्टरांना सांगितलं, काही घेत नाहीत. त्यांनी तसं लिहून घेतलं.

आता खरं सांगतो. काकू गुडघेदुखीवर रोज सकाळ-संध्याकाळ एक चूर्ण घेत होत्या, हे मला ठाऊक होतं. माझी आई तेच घ्यायची. आईनेच काकूंना त्याचं नाव सांगितलं आणि पहिला डबा मी माझ्या गाडीतून त्यांच्या घरी पोचवला होता. आपल्याकडे चूर्ण म्हणजे औषध नव्हे, ते जेवणाखाण्याच्या बाजूचं. काकूंनी प्रश्नाचं अगदी खरं उत्तर दिलं होतं. मला मात्र तो डबा आठवला होता, जिभेवर आला होता. पण त्या गोऱ्या डॉक्टरांसमोर, अंगावर गणवेश असताना, आमची माणसं डब्यातली पूड खातात हे सांगायची मला लाज वाटली. गावठी दिसू, असं वाटलं. एवढंच कारण होतं.

डॉक्टरांनी जंतुसंसर्ग धरून उपचार सुरू केले. दुसऱ्या दिवशी काकूंना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरणीने सुनेला सांगितलं की सासूबाईंच्या तोंडात जे जे जातं ते सगळं घेऊन ये. सुनेने पिशवीभर आणलं. सुपारी, बडीशेप, लवणभास्कर आणि तो हिरव्या झाकणाचा डबा. डबा चार दिवसांपासून रिकामा होता. डॉक्टरणीला शंका आली, तिने स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळपर्यंत काकू डोळे उघडून बोलू लागल्या. डब्याच्या तळाला राहिलेली पूड तपासणीला गेली. लेबलवर लिहिलं होतं, 'शंभर टक्के वनस्पतिजन्य'. आत स्टेरॉइड सापडलं. ते बरेच दिवस घेऊन एकदम थांबवलं की शरीर कोलमडतं, हे मला तेव्हा समजलं.

आईच्या डब्याचं मी त्याच दिवशी वरिष्ठांना सांगितलं. डॉक्टरांसमोर गिळलेल्या वाक्याचं नाही सांगितलं.

पुढचा तपास आरोग्य खात्याकडे गेला. तिथल्या एक अधिकारी बाई, शांत आणि चिवट, ऑकलंडहून आल्या. विक्रेता आपलाच, पुण्याचा इंजिनिअर, सगळ्यांशी हसतखेळत वागणारा. ऑकलंडच्या पेनरोज भागातल्या त्याच्या गाळ्याची आम्ही वॉरंट घेऊन झडती घेतली. पुडीचे ड्रम, रिकामे डबे, लेबलांच्या गुंडाळ्या, सगळा मुद्देमाल सील करून ताब्यात घेतला. इथे पंचनामा नसतो, पण यादी करताना हात तसाच दुखतो.

माझी आई गिऱ्हाईक असल्यामुळे चौकशी मला करता येत नव्हती. बाईंच्या मागे बसायची आणि लागलं तर भाषांतर करायची परवानगी मिळाली. तासभर तो एकच पाढा म्हणत होता. भारतातून आलेला माल, मी विश्वासाने डब्यात भरला, आत काय आहे ते मला काय माहीत? इंग्रजी फर्डं, चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. तेव्हा मी बाईंना चिठ्ठी सरकवली की पथ्य काय ते विचारा. आपल्याकडे वैद्य पुडी देतो तेव्हा आंबट नको, दही नको, वांगं नको अशी यादी आधी ऐकवतो. बाईंनी तो शब्द कसाबसा उच्चारला. तो हसला आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "पथ्य काही नाही हो, साहेब. फक्त खंड पडू द्यायचा नाही. तुम्हालाही सांगितलं होतं की."

हो, डबा घ्यायला गेलो तेव्हा मला सांगितलं होतं. विक्री वाढवायची युक्ती समजून मी तेव्हा हसलो होतो.

बाईंनी विचारलं, काय म्हणाला? या वेळी मी एकही शब्द गाळला नाही, शेवटचं वाक्यसुद्धा. त्यांनी पुढचा प्रश्न साधा विचारला. वनस्पतीच आहे, तर खंड पडला तर काय होतं?  त्याने पाणी मागितलं. मग सांगितलं की वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमधले एक आजोबा डबा संपल्यावर असेच कोसळले होते. तेव्हापासून तो प्रत्येकाला बजावत होता, आणि विकतही होता. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. माझ्या आईचं चूर्ण डॉक्टरांनी तीन महिने लावून हळूहळू सोडवलं.

पण सांगायचं होतं ते इस्पितळातलं. काकू वॉर्डात परत आल्या त्या दिवशी मुलगा आला. घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस रागावतो. "आई, डॉक्टरांनी क्लिअरली विचारलं होतं ना? का लपवलंस? यू कुड हॅव डाइड."

काकू पुटपुटल्या, "मला औषध विचारलं होतं रे."

"इट्स द सेम थिंग, आई."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं. मी निघताना त्या मलाच म्हणाल्या, "माझ्यामुळे तुम्हाला केवढा त्रास झाला, साहेब." मी म्हणालो, "असू द्या, काकू."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी दुभाष्या म्हणून उभा राहिलो की औषध हा शब्द वापरला नाही. सकाळपासून तोंडात काय काय जातं, असं विचारायचो, आणि कानावर पडेल ते सगळं सांगायचो, ऐकणाऱ्याला हसू येईल ते आधी. आरोपी खोटं बोलतो ते पकडायला मला शिकवलं होतं. आपण गप्प बसतो तेही खोटंच असतं, हे मात्र त्या वॉर्डात उभं राहून शिकलो.

काकू साताऱ्याला परतल्या आणि काही वर्षांनी गेल्या. इस्पितळाच्या कागदावर अजून असेल की रुग्णाने औषधं घेत असल्याचा इन्कार केला. तो मुलगा इथेच आहे, मराठी वाचतो. त्याच्यासाठी हे लिहिलं. बाबा रे, तुझ्या आईने काही लपवलं नव्हतं. लपवलं ते मी.