पाच एकरांचा वाघ

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चार ओळी लिहिता येतात म्हणून वडीलधाऱ्या माणसावर लिहावं का, याची मला खात्री नाही. चुकलं तर माफ करावं. पण मोहगावच्या माझ्या मावसाजींनी मोबाइल हातात घेतल्यापासून जगातला एकही बाजार त्यांच्या परवानगीशिवाय उघडत नाही. सकाळी दात घासता घासता ते अमेरिकेतल्या कापसाचा भाव पाहतात. शेतात कापसाचं एक झाड नाही, पाच एकर संत्रा आहे. ब्राझीलमध्ये संत्र्यावर रोग आल्याचं वाचून ते इतके खूश झाले, की मावशी म्हणाली, "दुसऱ्याच्या झाडाले रोग आला त हासता काहून? पह्यले मोटर सुरू करा." मी पांढुर्ण्यात खोली करून राहतो. परीक्षेच्या सकाळीही त्यांचा फोन येतोच. "अबे, ढाक्यात संत्र्याचा काय भाव चालू आहे, पाह्य बरं."

"मावसाजी, पेपर आहे माझा."

"पेपर पुढच्या वर्षीही येते लेका, भाव येत नाही."

यंदा सावरगावचा व्यापारी नेहमीसारखा बाग घ्यायला आला. आमच्याकडे बाग विकणं म्हणजे झाडावरचं फळ विकणं, जमीन नव्हे. मावसाजींनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "तुमचा जमाना गेला भाऊ. मी आता सीधा परदेशात विकून राहिलो." मोबाइलला मराठी कळत नाही अशी त्यांची ठाम समजूत, म्हणून त्यांनी जाहिरात हिंदीत बोलून मोबाइलकडून लिहवून घेतली आणि न वाचताच सगळ्या ग्रुपांवर टाकली. मोबाइलने 'बाग'चा 'बाघ' केला होता : 'पाँच एकड़ का बाघ बेचना है. फल से लदा हुआ. कभी भी आकर देख लो.'

दुसऱ्याच दिवशी वनरक्षक दारात. "वाघ कुठी ठेवला?" मावसाजींनी त्याला अख्खी बाग फिरवली. त्याने चार संत्री खाल्ली आणि पुन्हा असं लिहू नका म्हणून दम भरला.

जाहिरात मी दुरुस्त केली. मग खरंच एका दूरच्या व्यापाऱ्याचा फोन आला : माल बांगलादेशात पाठवतो, आठ दिवस थांबा. आठाचे वीस झाले. झाडांखाली रोज फळांचा सडा. मी रोज विनवत होतो, "सावरगाववाल्याले फोन करा न." त्यांचं एकच, "थांब बे. जग आपल्या बांधावर येऊन राहिलं." एकदा तर मी रागाने फोन कापला, आजवर घरात कुणाशीच असं वागलो नव्हतो.

शनिवारी मी मोहगावला गेलो, तेव्हा ते बागेतच होते. तेवढ्यात त्या व्यापाऱ्याचा फोन आला. तिकडच्या सरकारने संत्र्यावरचा कर वाढवला होता, ट्रक जाणार नव्हते. सगळ्या बाजाराला हे केव्हाचं ठाऊक होतं. ब्राझील पाहणाऱ्या मावसाजींनाच नव्हतं. मी बोलायला पुष्कळ काही तयार ठेवलं होतं. ते गळलेल्या फळांमध्ये खाली बसले, एक उचलून धोतराला पुसलं आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले,

"मंग तिकडचे लेकरं यंदा संत्रा नाही खाणार का बे?"