शालनताईंची डबल बेल

ड्रायव्हरला आपला कंडक्टर डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त कळतो. दिवसभर आमची पाठ एकमेकांकडे असते. मागून दोरी ओढली जाते, माझ्या डोक्यावरची घंटी वाजते. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. एवढंच आमचं बोलणं. नोकरीत मी नाना तऱ्हेच्या घंट्या ऐकल्या. कुणी चिडून ओढायचा, कुणी झोपेत, एक महाशय तर दोरीला लोंबकळायचेच. शालनताईंची डबल बेल मात्र वेगळी होती. पहिला ठोका, मग श्वास घेण्यापुरती जागा, मग दुसरा. त्या मधल्या जागेत त्या दारातल्या पायरीकडे एकदा बघून घ्यायच्या, हे पुढे मला आरशात दिसलं. कुणाचा पाय अजून पायरीवर असला तर दुसरा ठोका यायचाच नाही.

कराड-आटपाडी गाडीवर आम्ही दोघं बरीच वर्षं होतो. शालनताई कराडला लागूनच असलेल्या मलकापूरच्या. मालक फौजेत, बहुतेक सीमेवरच. घरी सासू आणि कॉलेजात जाणारी मुलगी हर्षदा. कराड सोडलं की दोन्ही बाजूंना ऊस, विटा मागे पडलं की माळ आणि मेंढरं, आणि गाडीतली माणसंही तशीच बदलत जायची. रजेवर आलेले जवान लोखंडी ट्रंका घेऊन चढायचे, घोंगडीवाले म्हातारे काठ्या घेऊन. शालनताई दोघांनाही सारखंच दामटायच्या. जवानाला म्हणायच्या, "फौजी, ट्रंक सीटखाली सारा, तिचं तिकीट काढलं न्हाई तुमी." म्हाताऱ्याला म्हणायच्या, "मामा, काठी आडवी नगा धरू, तिला बी हाफ तिकीट पडंल." मी पुढे बघत गालातल्या गालात हसायचो. ड्रायव्हर मोठ्यानं हसला की प्रवासी शेफारतात असं माझं मत होतं, आणि अजून आहे.

भिवघाटाच्या पलीकडे एका फाट्यावर, बाजारच्या दिवशी, परतीच्या गाडीला एक बाई चढायची. पदर कपाळापर्यंत ओढलेला, हात पदराच्या आत. ती कंडक्टरच्या जागेच्या अगदी मागे बसायची. तिकीट देताघेताना दोघींमध्ये चकार शब्द नाही. विट्याला उतरताना मात्र ती शालनताईंच्या तिकिटांच्या पेटीवर एक गाठोडं ठेवायची. कधी शेंगा, कधी हुलगे, कधी डाळिंबं. आणि शालनताई दुसरीकडेच बघत एक स्टीलचा डबा तिच्या पिशवीत सरकवायच्या. हे सगळं मी आरशात बघितलेलं. एकदा मी खवचटपणे विचारलं, "तिकिटाऐवजी शेंगा चालतात काय हो हल्ली?" त्यांना ते फार लागलं. "वळखीची हाय," एवढंच म्हणाल्या आणि कराडपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. घंटीसुद्धा रागाची दिली.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्या पापण्या जांभळट दिसायला लागल्या. आगारातल्या बायका चिडवायच्या की शालन आता नटायला लागली. गळ्याखाली ऊन लागल्यासारखी लाली आली, बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे उठले. दारापाशी ऊन येतं, त्यानं झालं असेल म्हणून कुणी मलम दिलं. खांदे आणि मांड्या भरून यायच्या, तेव्हा हाडांच्या डॉक्टरनं मानेच्या मणक्यात गॅप सांगून पट्टा दिला. थायरॉईडची गोळी तर आधीपासूनच चालू होती. त्या हसून म्हणायच्या, "मानंला एक डॉक्टर, तोंडाला एक, थायरॉईडला एक. आबा, मी म्हंजी सगळ्या थांब्यांवर थांबणारी गाडी झालीया."

घंटी बदलली ती याच सुमारास. आधी मऊ झाली. मग कधी एकच ठोका यायचा आणि दुसऱ्याच्या जागी मागून "चला आबा" असा आवाज. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडी खच्चून भरायची, त्यामुळे गर्दीत यांचा हात दोरीपर्यंत पोचत नसेल असं मी धरून चाललो. पुढे तर त्या नुसती मान हलवायच्या आणि उभी असलेली कॉलेजची पोरं हौसेनं दोरी ओढायची. मला हे मुळीच पसंत नव्हतं. घंटी कंडक्टरनंच द्यायची, हा नियम उगीच केलेला नाही.

आणि ज्याची भीती होती तेच झालं. एका थांब्यावर कुण्या हौशी पोरानं मध्ये जागा न सोडता दोनदा दोरी खेचली. मी गाडी सोडली, तेवढ्यात मागे ओरडा झाला. एक म्हातारी अजून पायरीवरच होती. शालनताईंनी तिला दोन्ही हातांनी धरलं, पण त्या हातांत तिला पेलायचं बळच नव्हतं. दोघी दारातच खाली बसल्या. मी करकचून ब्रेक मारला. म्हातारीचं नुसतं कोपर खरचटलं होतं. ती लुगडं झटकून, मला चार शिव्या देऊन उठलीसुद्धा. सावरायला गेलेल्या शालनताई मात्र उठू शकल्या नाहीत. दोघा प्रवाशांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

विट्याला मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. मग चहाचा कप ओठाला न्यायला त्यांनी दुसऱ्या हातानं कोपर उचललं, तेव्हा माझी जीभ आपोआप थांबली.

"आबा, हात वर जाईना झालाय," त्या म्हणाल्या. "वेणी हर्षदा घालती माझी. गाडीत चढताना दांडीला धरून आंग वढून घेतीया."

इतके दिवस बोलला का नाहीत, असं मी विचारलं. म्हणाल्या, "सांगितलं तर आगारात टेबलावर बसवत्याल. ही गाडी गेली तर मला ती कवा दिसायची?" ती म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि त्या घडीला मी विचारलंही नाही.

मालक सीमेवर, सासू थकलेली. त्याच आठवड्यात मी आणि माझी बायको त्यांना मिरजेला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी मानेकडे बघितलंसुद्धा नाही. आधी बोटांचे सांधे बघितले, मग पापण्या, आणि मग हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. शालनताईंना ते जमलं नाही. घरात कुणाला संधिवात, थायरॉईड, सोरायसिस, कोड असं काही आहे का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. थायरॉईड मलाच हाय, बाकी कुणाला काही न्हाई, असं शालनताई म्हणाल्या. कोडही नाही ना, असं डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं. शालनताईंनी आधी दाराकडे बघितलं, मग माझ्या बायकोकडे.

"बहीण हाय मला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वैजयंता. तिला ल्हानपणापास्नं कोड हाय."

मला एकदम तो कपाळापर्यंत ओढलेला पदर आठवला, आणि पदरातले हातही. शालनताईंचं लग्न ठरताना मोठ्या बहिणीला मामाकडे पाठवून दिलं होतं. तिचं स्वतःचं लग्न झालंच नाही, ती माहेरीच राहिली. आईनं बजावून ठेवलं होतं की शालनची पोरगी उजवेपर्यंत चारचौघांत हिला बहीण म्हणायचं नाही. गाडीत कोण कुणाच्या सोयरिकीतलं निघेल सांगता येत नाही. मग धाकटीला ही गाडी मिळाली आणि थोरलीनं बाजारचा दिवस धरला. बहिणींची भेट व्हायची ती भिवघाटापासून विट्यापर्यंत, तीही मुक्यानं. आणि मी शेंगांवरून बोललो होतो.

पुढे रक्त तपासलं, स्नायूचा तुकडा तपासला, फुफ्फुसं बघितली, आत कुठे गाठ तर नाही ना तेही बघितलं. दुखण्याचं नाव डर्मॅटोमायोसायटिस. शालनताई म्हणाल्या, "येवढं लांब नाव गाडीच्या पाटीवर मावायचं न्हाई." डॉक्टरबाईंनी फौजीच्या बायकोला कळेल असं सांगितलं. जंतूंशी लढणारी शरीराची फौज कधी कधी आपल्याच माणसांवर उलटते. तुमच्यात ती स्नायूंवर आणि कातडीवर उलटली, थायरॉईडवर बहुधा आधीच उलटली होती, बहिणीच्यात कातडीच्या रंगावर. कुणाच्या घरात सांधे धरते, कुणाचे डोळे आणि तोंड कोरडं पाडते. एकीला आहे म्हणून दुसरीला होईलच असं नाही, पण अशी दुखणी एकाच घरात, कधी एकाच माणसात भेटतात. म्हणून आम्ही विचारतो.

शालनताईंनी थोडा विचार केला. "म्हंजी ह्या समद्या एकाच डेपोच्या गाड्या. पाटी तेवढी येगळी."

डॉक्टरबाई हसल्या, जवळजवळ तसंच आहे म्हणाल्या. मग शालनताईंनी विचारलं, तिचं मला लागलं का? डॉक्टरबाई म्हणाल्या, यातलं काहीच कुणाचं कुणाला लागत नाही. शिवल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही. इतकी तपासणी, इतक्या सुया झाल्या तेव्हा न रडलेली ही बाई त्या वाक्याला रडली. "आईनं तिची ताटली येगळी ठिवली हुती वं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. माझी बायकोही डोळे पुसत होती, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

स्टेरॉईडच्या गोळ्यांनी त्यांचा चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली. आगारात त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. माझ्याकडे दुसरा कंडक्टर आला. घंटी वाजवायचा, बस्स. बाजारच्या दिवशी फाट्यावर वैजयंता चढली, कंडक्टरच्या जागेकडे बघितलं आणि पुढे येऊन पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. "बाई कवा येत्याल?" मी म्हणालो, येतील, पण आज तुम्ही विट्याला उतरायचं नाही, कराडचं तिकीट काढायचं, तसा निरोप आहे. ती मलकापुरात बहिणीच्या दारात उभी राहिली. सासूबाईंनी घरातल्याच कपबशीतून चहा दिला आणि म्हणाल्या, "मला लग्नाआधीपास्नं ठावं हुतं. तुमी बोलंना, म्हणून मी बी बोलले न्हाई." हर्षदाला बघायला आलेल्या पाहुण्यांना शालनताईंनी सगळं उघड सांगितलं. त्यांचा पुन्हा फोन आला नाही. हर्षदा म्हणाली, बरं झालं.

व्यायामासाठी घरच्या दारावर दोरी आणि चाक बांधलं होतं. एका हातानं ओढून दुसरा वर न्यायचा. "हितं बी दोरीच," म्हणायच्या. वर्षाहून जास्त ओढली. मग माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी, ऊन लागू नये म्हणून पूर्ण बाह्यांचा ब्लाउज आणि तोंडाला स्कार्फ अशा त्या पुन्हा माझ्या गाडीवर आल्या. हात वर जायचा, पण कधी जायचा, कधी वाटेतच थकायचा.

माझी शेवटची फेरी बाजारच्या दिवशीच आली. फाट्यावर वैजयंता चढली. गाडी तुडुंब भरलेली. शालनताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जरा सरकून घ्या, माझी थोरली बहीण हाय." मग त्यांनी दोरीला हात घातला. पहिला ठोका पडला. मी दुसऱ्याची वाट बघत राहिलो. तो येईना. आरशात बघितलं तर त्यांचा हात दोरीवरून निसटून वाटेतच अडला होता. मागून एक हात पुढे आला. पदर मागे सरकलेला, कोपरापर्यंत पांढऱ्या डागांचा, भर गाडीत उघडा. त्या हातानं शालनताईंचं कोपर खालून धरलं आणि वर उचललं.

दुसरा ठोका पडला, पहिल्यासारखाच खणखणीत. माझा पाय ब्रेकवरून उठला नाही. आरसा मला नीट दिसेना झाला होता.

"आवं आबा," मागून शालनताई म्हणाल्या, "दोन झाल्या की. काढा गाडी."