इटलीतल्या नद्या

२००३ साली आई पहिल्यांदा आमच्याकडे अमेरिकेत, चँडलरला आली, तेव्हा टीव्हीवर रोज इराकचा नकाशा दाखवत होते. वाळवंटातून वर चढत जाणारे फौजेचे जाड बाण आणि त्यांवर बोट ठेवून बोलणारे निवृत्त सेनाधिकारी. मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होतो आणि असल्या बाणांवर माझा अजिबात विश्वास नव्हता. कागदावर सगळंच सरळ जातं.

शेजारच्या घरात ऐंशी ओलांडलेला एक अमेरिकन म्हातारा एकटा राहायचा. दुसऱ्या महायुद्धात लढलेला. एका शनिवारी मी पुढच्या अंगणात गाडी धूत होतो आणि आई पायरीवर मेथी निवडत बसली होती. म्हातारा काठी टेकत आला आणि टीव्हीवरच्या त्या बाणांना नावं ठेवू लागला.

“वाळवंटात काय, रणगाडे मोकाट सोडायचे,” तो म्हणाला. “आम्ही इटलीत एकेका नदीपाशी आठवडेच्या आठवडे अडकून पडलो होतो.”

त्याच्या इंग्रजीतला एकच शब्द आईला कळला. तिचा हात थांबला. “ह्यो इटली म्हनला न्हवं?”

मला खरं तर विषय तिथंच आवरायचा होता. आईचे वडील त्याच युद्धात इटलीत वारले. त्यांना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिचा जन्म ते बोटीवर चढल्यानंतरचा. मराठा पलटणीतला त्यांचा एक सोबती युद्धानंतर परत आला आणि त्यानं सांगितलं, गडी नदीत बुडाला. माण तालुक्यातल्या आमच्या गावात घरटी एक शिपाई. लढाईत पडलेल्यांच्या घरांना जत्रेत मानाचा नारळ मिळायचा, आमच्या घराला कधी मिळाला नाही. ‘लढायला गेला आन् पाण्यात बुडाला,’ असं लोक हसत हसत बोलायचे. आजी शेवटपर्यंत खाली मान घालून वावरली. मीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो. शाळेत मी आजोबांना छातीत गोळी लागल्याचं ठोकून दिलं होतं.

“इचार त्याला,” आई म्हणाली, “लढाईत मानूस बुडतुयाच कसा?”

मी आजोबांचं सांगून जरा सौम्य करून विचारलं. म्हाताऱ्यानं काठीनं अंगणातल्या खडीत एक लांब उभी रेघ ओढली. हा डोंगर, देशाच्या मधोमध. मग तिच्यापासून दोन्हीकडच्या समुद्रांपर्यंत आडव्या रेघा, माशाच्या काट्यांसारख्या. या नद्या. फौजेला दक्षिणेकडून उत्तरेला जायचं, म्हणजे रेघ न् रेघ ओलांडणं आलंच. एक ओलांडावी, तर शत्रू मागे सरून पुढच्या नदीच्या पलीकडे बसलेला.

“पूल न्हवतं व्हय?”

“मागे सरताना शत्रू ते उडवून द्यायचा.”

“मग कडंकडंनं जायाचं.”

“एका कडेला डोंगर, दुसऱ्या कडेला समुद्र.”

ऑफिसातल्या मीटिंगसारखं मी इकडचं तिकडे पोचवत होतो. म्हातारा सांगत होता, डोंगरात पाऊस झाला की नदी बघता बघता चढायची. समोरच्या काठावरून मशीनगन चालायची. बोट उलटली की माणसं अंगावरच्या ओझ्यासकट तळाला जायची. “नदी ओलांडून मग लढाई, असं नव्हतं,” तो म्हणाला. “नदी ओलांडणं हीच लढाई होती.”

आई बराच वेळ खडीतल्या रेघांकडे बघत राहिली. मला वाटलं, झालं, शंका फिटली. मी पाण्याचा पाइप पुन्हा उचलला.

तेवढ्यात म्हाताऱ्यानंच विचारलं, “तुझ्या आजोबांना पोहता येत होतं?”

मी आईला सांगितलं. तिला हसू आलं. “पवायला? आमच्याकडं नदीला पानी असतंय कुठं? गुडघाभर पान्याचंबी भ्या वाटायचं म्हनं त्यास्नी. आई सांगायची.”

हेही मी इंग्रजीत सांगितलं. मग माझ्याकडे नाही, आईकडे बघत म्हाताऱ्यानं विचारलं, “आणि तरीही ते उतरले?”

“तरी उतरले का, विचारतोय,” मी म्हणालो.

आईनं मेथीचं ताट खाली ठेवलं.

“उतरलं की,” ती म्हणाली. मग पदर तोंडाशी धरून साठीची माझी आई लहान मुलीसारखी रडू लागली. म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून तसाच उभा राहिला.

“माझ्या आईला कुनीतरी ह्ये सांगाया पायजे हुतं,” ती म्हणाली. “कुनीतरी सांगाया पायजे हुतं रं.”